माझं वय 42, तक्रार काही नाही. हेल्थ चेकअप पॅकेजमधली मॅमोग्राफी (स्तनाच्या कॅन्सरसाठी काढतात तो स्तनांचा एक्स-रे) करून घ्यावी का? पत्रकात फक्त फायदेच लिहिलेत.

फक्त फायदे आहेत हे तुमच्या आधीच लक्षात आलं. माझ्या आलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

2017 च्या ऑक्टोबरात आमच्या सोसायटीत मॅमोग्राफीचं शिबिर झालं. मी तेव्हा 44 ची. गुलाबी पत्रकावर ‘वेळेवर तपासणी, जिवाची हमी’ आणि खाली सवलतीचा दर, बस. आठवड्याने व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला, ‘बाय-रॅड्स 0’. फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, परत यावं लागेल, डॉक्टर सांगतील." बाय-रॅड्स ही मॅमोग्राफीचा निष्कर्ष सांगणारी श्रेणी; त्यात शून्य म्हणजे निष्कर्ष काढायला फोटो अपुरे आहेत, अजून फोटो किंवा सोनोग्राफी हवी, एवढंच. हे कळायला मला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत लॉकरची किल्ली कुठे आहे, मुलाच्या दहावीचे पैसे कुठे ठेवलेत, सगळं मी वहीत लिहून काढलं. मग सोनोग्राफी, मग बायोप्सी. निघाला फायब्रोॲडेनोमा, साधी गाठ.

माझे मोठे दीर डॉक्टर आहेत. मी चिडून म्हटलं, हे आधी का सांगत नाहीत? भाऊजी म्हणाले, "आकडे सांगितले की बायका घाबरतात, तपासणीला येतच नाहीत." अहो, मी आकडे माहीत नसताना घाबरले होते!

पुढे इंग्लंडमधल्या लेस्टरच्या नणंदेला मॅमोग्राफीचं पन्नाशीनंतरचं सरकारी बोलावणं आलं. सोबतच्या पुस्तिकेचे फोटो तिने मला पाठवले. तपासणीला येणाऱ्या दर 200 जणींमागे साधारण एकीचा जीव वाचतो, आणि तिघींना असा कॅन्सर सापडतो ज्याने त्यांना आयुष्यात कधीच त्रास दिला नसता. तरी ऑपरेशन, रेडिएशन होतंच. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तिकेत, साध्या भाषेत. तिथेही हे आपोआप झालं नाही. आधीच्या पत्रकावर बरीच टीका झाली, 2012 मध्ये तिथले आरोग्यतज्ज्ञ मायकल मार्मट यांच्या समितीने आकडे तपासले, मग नवी पुस्तिका निघाली. ते फोटो मी भाऊजींना तेव्हाच पाठवले. उत्तर अजून आलेलं नाही.

आपल्याकडेही सांगण्यासारखं आहेच. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईत दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. यंत्र नाही, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करायची. 2021 मध्ये निकाल छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी, पन्नाशीच्या आत ठोस फरक नाही. हे कुठल्या पॅकेजच्या पत्रकावर वाचलंय?

तुमच्या वयात अनेकींची स्तनाची ऊती दाट असते, फोटो वाचणं अवघड जातं, माझ्यासारखं परत बोलावणं येण्याची शक्यता जास्त. मी तुमच्या जागी असते तर पॅकेजमधली मॅमोग्राफी वगळली असती आणि हाताने तपासून घेतलं असतं, पन्नाशीच्या आत त्याचाही ठोस फायदा दिसलेला नाही हे माहीत असूनही. करायचीच असेल तर पैसे भरण्याआधी विचारा: माझ्या वयाच्या शंभरातल्या किती जणींना परत बोलावता? रिपोर्ट समजावून कोण सांगणार, आणि किती दिवसांत? घरात कुणी डॉक्टर "तुला काय करायचंय आकड्यांशी" म्हणाले तर गप्प बसू नका. मी दोन वर्षं गप्प बसले होते.

हे वर लिहायला हवं होतं: आई, बहीण, मावशी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर तुमचा हिशेब वेगळा, सरळ कॅन्सरतज्ज्ञांकडे जा. आणि हाताला गाठ लागली, बोंडातून रक्त आलं किंवा त्वचा आत ओढली गेली, तर यातलं काहीही लागू नाही. त्याच आठवड्यात दाखवा, मॅमोग्राफी सांगितली तर लगेच करा.