आजारानंतरची चालण्याची चाचणी: नव्या फिजिओंसाठी

फ्लू किंवा कोविडनंतर पेशंटचा दम किती परतलाय, हे पाहायला सहा मिनिटांची चालण्याची चाचणी पुरते: तेवढ्या वेळात तो किती मीटर चालतो, ते मोजायचं. कॉरिडॉर 30 मीटरचा, सरळ आणि सपाट हवा. नाशिकच्या छोट्या क्लिनिकांत एवढी जागा क्वचितच मिळते. दहा मीटरवर घेतलीत तर वळणं वाढतात आणि अंतर कमी भरतं, म्हणून पुढची चाचणीही त्याच जागी घ्या. डिसेंबरातल्या सकाळी नदीकाठच्या उघड्या गोदापार्कवर तर नकोच. बोटं गार पडली की ऑक्सिमीटर काहीही दाखवतो. मेंदी, नेलपॉलिशही आधी बघा.

दहा मिनिटं बसवा, मग नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि धाप (बोर्ग, म्हणजे पेशंटने स्वतः आकड्यात सांगितलेली धाप) लिहा. बसल्या जागी नाडी 120 च्या वर किंवा बीपी 180/100 च्या वर असेल, तर त्या दिवशी चाचणी नको. छातीत दुखत असेल तर थेट डॉक्टरांकडे.

नवखे हमखास चुकतात ते इथे: पेशंटच्या सोबत चालतात. तुमच्या चालीवर त्याची चाल ठरते! प्रोत्साहनही दर मिनिटाला ठरलेल्या वाक्यांतच. पेशंट थांबला तरी घड्याळ चालू ठेवा. ऑक्सिजन 80 टक्क्यांच्या खाली गेला तर मात्र चाचणी बंद. संपल्यावरचाच नव्हे, चालतानाचा ऑक्सिजनचा सर्वांत कमी आकडा नोंदवा. 4 टक्के घसरण दुर्लक्षू नका. पहिल्यांदा अर्ध्या तासाच्या विश्रांतीने दोनदा घ्या, दोन्हींपैकी जास्त भरलेलं अंतर धरा. पुढच्या वेळी साधारण 30 मीटरची वाढ दिसली तरच सुधारणा म्हणा.

आणि दोन दिवसांनी फोन करा. चाचणीनंतर अंगातलं त्राणच गेलं असेल, तर व्यायाम वाढवायची घाई नको.