हसं होईल, पण किती रुपयांचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : वय ४१, कापड दुकानात हिशेब लिहिते. दिवाळीत माझ्या भाजणीच्या चकलीला सोसायटीतून मागणी असते. वर्षभर हाच व्यवसाय करावा असं सहा वर्षं मनात आहे, पण नाही चाललं तर? सासूबाई म्हणतात, "चारचौघांत हसं होईल." नोकरी सोडू की स्वप्न सोडू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तूर्तास दोन्ही सोडू नका. "नाही चाललं तर" हे वाक्य अर्धवट आहे, म्हणून ते एवढी भीती घालतं. हिशेबाच्या वहीत ते पुरं करा. तीन रकाने आखा : काय जाईल, किती जाईल, भरून यायला किती दिवस लागतील. "हसं होईल" हेही लिहा, पण हसणाऱ्यांची नावं घालून. यादी सहसा पाच-सहा नावांपुढे सरकत नाही, आणि त्यातले दोघे चकली फुकट खाणारे निघतात.

मग नुकसानीची हद्द आधीच ठरवा. सहा रविवार आणि ३,००० रुपये. दर रविवारी दोनच किलो माल, सामानाला समजा ५०० रुपये. सगळा माल फेकायची वेळ आली तरी आकडा तेवढाच राहतो. शेगडी घरची, सोऱ्या घरचा. यंत्र, छापील पिशव्या, फलक यातलं काही नको. धीर येत नाही म्हणून आधी जय्यत तयारी करणाऱ्यांचेच पैसे जास्त अडकतात. "आधी एक क्लास करते, मग बघू" हाही त्यातलाच प्रकार. काम पुढे ढकललं की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानंच भीती मुरत जाते.

आता मालाकडे. घरी "चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ" हे प्रमाण चालून जातं. विक्रीत वाटी बदलली की चकली बदलते, आणि गिऱ्हाईक परत येतं ते पहिल्या वेळचीच चव मागायला. तुमची वाटी काट्यावर ठेवून प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये उतरवा. धणे, जिरे, मोहन, पाणीसुद्धा.

पहिल्या दोन रविवारी काहीतरी बिघडणारच. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय. पाडताना तुटत असेल तर पीठ कोरडं आहे किंवा मळणं कमी पडलंय. बाहेरून लाल आणि आतून मऊ राहिली तर तेल फार तापलं होतं. तळून निघाली तेव्हा कुरकुरीत, संध्याकाळी नरम, याचं कारण बहुधा एकच : कोमट असतानाच पिशवीत भरली. वहीत "मला जमत नाही" असं लिहू नका, "मोहन दीडपट पडलं, तेल धुरावलं" असं लिहा. पहिल्या नोंदीवर इलाज नाही, दुसरीवर पुढच्याच रविवारी आहे.

घरगुती पदार्थांचा धंदा चवीवर क्वचित बुडतो, तो हिशेबावर बुडतो. आणि तो तर तुमचा रोजचा विषय. तेल किती प्यायलं हे अंदाजाने धरू नका. तळण्याआधी तेलासकट कढई तोला, गार झाल्यावर पुन्हा तोला. गॅस, पिशवी, पोचवायचा खर्च धरा. भाजणं, मळणं, तळणं यात गेलेले तास मोजून त्यांना मजुरी लावा. हे तास न धरल्यामुळेच सहा महिन्यांनी "राबतेय, पण हातात काही उरत नाही" असं होतं. नातेवाइकांना वेगळा दर आणि उधारी, ही दोन दारं पहिल्या दिवसापासून बंद.

माल टिकतो किती, तेही बघा. एका घाण्याची चार पाकिटं बाजूला ठेवा आणि ७, १५, २१ आणि ३०व्या दिवशी एकेक फोडा. खवट वास ज्या दिवशी आला, त्याच्या बरंच अलीकडची मुदत छापायची.

नियमित विक्रीआधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या. छोट्या व्यावसायिकाची नोंदणी ऑनलाइन होते. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर टाकायचा, सोबत घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किंमत आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका.

निकालाची कसोटीही आजच लिहून ठेवा. नात्यागोत्याबाहेरच्या दहा घरांना पैसे घेऊनच चकली द्या. "आवडली का?" विचारू नका, तोंडावर सगळे "छान" म्हणतात. महिन्याभरात आपणहून पुन्हा किती जणांनी मागितली तेवढंच मोजा. चार किंवा जास्त असतील तर आणखी सहा रविवार चालू ठेवा, दोन किंवा कमी असतील तर पदार्थ किंवा दर बदला. तीन असतील तर आणखी दहा घरं. नोकरीचा विचार हातात सलग सहा महिन्यांचे आकडे आल्यावर.

सासूबाईंना मात्र चवीचा पहिला निकाल द्यायला बसवा. त्यांच्याइतका परखड परीक्षक पैसे मोजूनही मिळायचा नाही.

प्रश्न : पुण्यात राहून एमपीएससी करतो, वय २७. वाचन भरपूर, पण सराव पेपर सोडवायला बसलो की पोटात गोळा येतो. घरी काय तोंड दाखवू?

उत्तर : राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक आहे, त्यामुळे नुसत्या वाचनावर भागणार नाही. पूर्ण पेपर आत्ता बाजूला ठेवा. रोज एकच उत्तर, १५० शब्द, घड्याळ लावून. आठवडाभर ते कुणाला दाखवू नका, दुसऱ्या आठवड्यात एका मित्राला तपासायला द्या, तिसऱ्यात सलग तीन उत्तरं, मग अर्धा पेपर. प्रत्येक चुकीपुढे खूण करा : माहीत नव्हतं, माहीत असून आठवलं नाही, की वेळ पुरला नाही. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. आणखी वाचणं फक्त पहिलीला लागू पडतं, आणि बहुतेक मुलं तिन्हींवर तेच घेतात.

शेवटचा प्रयत्न कोणता, हे वर्षासकट कागदावर लिहून घरच्यांना आधीच सांगा. निकालाच्या दिवशी सांगणं फार जड जातं. झोप, जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर मात्र हा अभ्यासाचा प्रश्न नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : निवृत्तीनंतर गाणं शिकते आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा द्यायची आहे, पण लहान मुलांच्या रांगेत बसून नापास झाले तर?

उत्तर : त्या रांगेत पांढरे केस काही नवे नाहीत. घाबरल्यावर श्वास वर चढतो आणि लय नकळत पळते, म्हणून बंदिश रोजच्यापेक्षा किंचित संथ धरा. सुरुवातीचा सा तानपुऱ्यात मिसळेपर्यंत लांबवा, परीक्षक थांबतात. महिनाभर आधीपासून दर आठवड्याला एका नव्या माणसासमोर गा, आणि मध्ये चुकलात तर थांबून माफी मागायची नाही, पुढच्या समेवर या.