समजल्याशिवाय हात वर करू नकोस

चि. … हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. अकादमीच्या नियामक मंडळावर चाळिशीच्या आतले सदस्य घेण्याचे ठरले, त्यात तुझी निवड झाली, आणि आता बैठकीत निम्मा वेळ आपण नुसती मान डोलावतो, मृदाशास्त्राच्या माणसाने भौतिकीच्या आणि संगणकाच्या चर्चेत तोंड तरी कसे उघडायचे, त्यापेक्षा राजीनामा दिलेला बरा, असे तू लिहितेस. राजीनाम्याचे नंतर पाहू. मान डोलावणे मात्र आजच बंद कर. जो ठराव आपल्याला नीट समजलेला नाही त्यावर हात वर करायचा नाही. ही गोष्ट मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण तुझे एक वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही : ‘पुरस्काराच्या नियमावर सगळ्यांचे एकमत दिसले, म्हणून मीही होकार दिला.’

नियम असा की, ज्या शोधनिबंधात उमेदवाराचे नाव पहिले असेल त्याला पूर्ण गुण आणि बाकीच्यांना निम्मे. तुला तो रास्त वाटला, कारण तुमच्याकडे ज्याने शेतात फिरून नमुने गोळा केले, त्यांचे पृथक्करण केले आणि मसुदा लिहिला त्याचे नाव पहिले येते व मार्गदर्शकाचे शेवटी. गणितात मात्र लेखकांची नावे बहुधा इंग्रजी वर्णानुक्रमाने देतात. आगाशे आणि वाळिंबे अशा आडनावांच्या दोघांनी जन्मभर बरोबरीने काम केले, तरी तुमच्या नियमाने आगाशे दर वेळी पूर्ण गुण घेतील आणि वाळिंबे निवृत्तीपर्यंत निम्म्यावर राहतील. कणभौतिकीत तर २०१५ साली हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याला ५,१५४ लेखक होते आणि त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने लेखक आणि त्यांच्या संस्था यांच्या याद्यांनी भरली होती. त्या यादीत पहिले नाव कोणाचे, यावरून कोणाचे कर्तृत्व ठरवणार? संगणकशास्त्रातले उत्तम काम पुष्कळदा परिषदांमध्ये प्रसिद्ध होते, तेही कडक परीक्षणानंतर. नियमात नुसते ‘नियतकालिक’ लिहिले असेल, तर ते काम मोजणीतच येणार नाही. माझ्या वनस्पतींच्या वर्गीकरणशास्त्राचे तर बोलायलाच नको. कागदावर शिवलेली वाळकी फांदी, कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख, असे शेकडो नमुने एकेक करून ताडून पाहण्यात वर्षे जातात आणि शेवटी हाती एकच ग्रंथ येतो.

आता सांग, त्या बैठकीला तुमचा गणितज्ञ हजर होता ना? तो का बोलला नाही? मला वाटते, हा नियम प्रयोगशाळावाल्यांच्या सोयीचा असेल, त्यात आपण कशाला पडा, असे त्याच्या मनात आले असावे. आणि हे गणितातही असेच चालत असेल, असे तुझ्या मनात आले. दोघांनीही हात वर केले. ज्याला तू एकमत म्हणतेस ते असे जमलेले असते. एकाने जरी ‘मला हे कळले नाही, पुन्हा सांगा’ म्हटले असते, तर पाच मिनिटांत सगळा घोळ बाहेर आला असता. म्हणून म्हणते, समजल्याशिवाय हात वर करू नकोस.

तरुणांना मंडळावर घेतले ते शोभेसाठी नव्हे. जर्मनीत २००० साली तरुणांची वेगळी अकादमी निघाली, तेव्हा नाना शाखांचे ५० सदस्य आणि प्रत्येकाला ५ वर्षांची मुदत अशी रचना ठरली; आपल्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही २०१४ साली तरुणांची अकादमी काढली, तिथेही मुदत ५ वर्षांचीच. शाखा मुद्दाम मिसळल्या जातात, त्या एकमेकांना अडवून प्रश्न विचारता यावेत म्हणून. आणि वयाचा संकोच तर मला समजतच नाही. १६०३ साली रोममध्ये लिंचेई ही विज्ञान अकादमी स्थापन करणारा फेदेरिको चेसी १८ वर्षांचा होता. त्याच्या साथीदारांत एक डच वैद्य होता, आणि पुढे गॅलिलिओ तिचा सदस्य झाला. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी १९३० साली अलाहाबादेत विज्ञान अकादमी उभी केली, तेव्हा त्यांनीही चाळिशी गाठलेली नव्हती.

माझे ऐकायचे असेल तर ऐक. मीही एका समितीवर होते. नाव सांगत नाही. शिष्यवृत्तीसाठी गुणांकनाचे एक सूत्र मांडले गेले, आणि त्यातला एक आकडा कुठून आला हे मला कोणीही सांगू शकले नाही. मी सही केली नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला, शिष्यवृत्त्या लांबल्या, ‘बाई खोळंबा करतात’ असे बोलले गेले आणि मुदत संपल्यावर मला पुन्हा कोणी बोलावले नाही. त्या समितीत माझा एक जुना स्नेही होता, तो त्यानंतर दुरावला, याची खंत मला आजही आहे. पण तो आकडा एका विशिष्ट शाखेच्या सरासरीवरून उचलला होता हे पुढे उघड झाले, आणि त्या सूत्राने ज्या मुलांना डावलले असते त्यांतली काही आज प्राध्यापक आहेत. खोळंबा झाला, तो व्हायलाच हवा होता. तू मला हट्टी म्हणशील, म्हण.

तुझ्या विभागप्रमुखांनी ‘आधी शोधनिबंध, मग समित्या’ असे बजावले आहे. त्यांचे चुकत नाही. प्रयोगशाळेचा वेळ समितीला देऊ नकोस. पण ज्या बैठकीला जाशील तिथे पुरती हजर राहा. वेळ वाचवायचा म्हणून न वाचताच होकार देण्यापेक्षा त्या बैठकीला गेली नाहीस तरी चालेल.

तू मनाने खंबीर आहेस, हे मी तुला पहिल्या वर्षाला शिकवताना पाहिले आहे, म्हणून इतके रागावून लिहिते आहे. आता पुढचे काम. नियमाला अजून सर्वसाधारण सभेची मंजुरी मिळायची आहे, असे तू लिहिलेस, म्हणजे वेळ गेलेली नाही. सचिवांना पत्र लिहून नियमाचा पूर्ण मसुदा आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त मागव. तुमच्या गणितज्ञाला फोन कर आणि त्याच्या शाखेत नावांचा क्रम कसा लावतात ते विचार. संगणकवाल्यांना परिषदांचे विचार. मग ‘नाव कितवे’ याऐवजी ‘उमेदवाराने त्या कामात नेमके काय केले’ हे त्याने स्वतः लिहावे आणि त्याच्याच शाखेच्या जाणकाराने ते तपासावे, अशी दुरुस्ती तू आणि तो गणितज्ञ दोघांच्या सहीने दे. सभेला निदान आठ दिवस राहतील अशा बेताने दे, आणि तिची पोच घ्यायला विसरू नकोस.

तुझ्या बाई