शंका विचारा : काळ्या रानाच्या भेगा

प्रश्न : बाई, आमचं मोहोळ तालुक्यात काळं रान आहे. लेक नववीत. विदारण, केशाकर्षण, बाष्पोच्छ्वास असले शब्द रात्री मोठ्यानं पाठ करते. मी म्हटलं, उन्हाळ्यात आपल्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा का पडतात ते सांग. म्हणाली, ते पुस्तकात नाही. खरंच नाही का?

उत्तर : आहे की! फक्त तीन-चार धड्यांत विखुरलेलं आहे. सोलापुरात विज्ञान शिकवताना माझीही यावर चिडचिड व्हायची.

तुमच्या रानाखालचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होतं आणि ते खडकातली खनिजं हळूहळू बदलत नेतं. हेच रासायनिक विदारण. त्यातून जी चिकणमाती होते, तिच्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. नाव जिभेला जड आहे, पण भेगांचा सगळा कारभार त्याच्याच हाती. त्याचे सूक्ष्म पापुद्रे कडक भाकरीच्या चळतीसारखे एकावर एक असतात. पाऊस झाला की पाणी त्यांच्यामधे शिरतं, माती फुगते. उन्हानं ते उडून गेलं की पापुद्रे जवळ येतात, माती आकसते आणि फाटते. मुरमाड रानात हे खनिज फारसं नसतं, म्हणून तिथं अशा भेगा दिसत नाहीत.

भेगेतून आतली ओल थेट वाऱ्या-उन्हाला मिळते. शिवाय मातीतल्या बारीक पोकळ्यांतून पाणी आपसूक वर चढतं, ते केशाकर्षण. रब्बीत तुम्ही कोळपं घालता तेव्हा भेगा बुजतात, वरचा थर भुसभुशीत होतो आणि पाण्याची ती वरची वाट तुटते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते यामुळंच. शाळेत केशाकर्षणाला काचेची नळी आणि शाई दाखवतात. कोळपं दाखवायला काय हरकत आहे?

बाष्पोच्छ्वास, म्हणजे पानांतलं पाणी बारीक छिद्रांतून वाफ होऊन जाणं, ज्वारीत दिसेल. मालदांडी ३५-१ हा वाण तुमच्या मोहोळच्याच संशोधन केंद्राचा. मुरलेल्या ओलीवर येणारं हे पीक ताण पडला की पान गुंडाळून घेतं आणि पर्णरंध्रांतून जाणारी वाफ कमी करतं.

राहिलं रसायन. विदारणात सुटलेलं कॅल्शियम आपल्याकडच्या तुटपुंज्या पावसात सगळं वाहून जात नाही. कार्बोनेट होऊन मातीतच साठतं. रानातले पांढरे चुनखडीचे खडे ते हेच. लेकीला एक खडा धुऊन, फोडून त्यावर व्हिनेगर टाकायला सांगा. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड. संडास धुवायचं ॲसिड मात्र तिच्या हातात देऊ नका. फेस जोरात येतो खरा, पण डोळ्यात उडालं तर भलतंच होऊन बसेल.