उपकरणाची मेमरी जोडताना पेज किती मोठे घ्यावे?

प्रश्न : वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत मी मोठ्या एलईडी पडद्यांना चित्र पुरवणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर लिहितो. कार्डाचे बार क्षेत्र, म्हणजे प्रोसेसरला दिसणारी त्याची मेमरी, २५६ एमबीची आहे. त्यातील पहिला १ एमबी नियंत्रण रजिस्टरांसाठी राखीव असून उरलेल्या भागात आमचा प्रोग्राम फ्रेम लिहितो. प्रोग्राम हे संपूर्ण क्षेत्र एममॅप या सिस्टम कॉलने आपल्या पत्त्यांत जोडून घेतो आणि ड्रायव्हर प्रत्येक पेज फॉल्टला, म्हणजे न जोडलेल्या पत्त्याला प्रोग्रामने हात लावताच, ४ केबीचे एक पेज (मेमरी जोडण्याचा ठराविक आकाराचा तुकडा) लावतो. पहिल्या फेरीत यात बराच वेळ जातो. इंटेल प्रोसेसरवर २ एमबी आणि १ जीबीची पेजही मिळतात, तर सरळ सर्वांत मोठे पेज घ्यावे काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आपल्या कार्डासाठी १ जीबीचे पेज बाद ठरते. २ एमबीचे पेज योग्य आहे, मात्र पहिले २ एमबी वगळून.

१ जीबीचा निकाल लवकर लागतो. क्षेत्रच २५६ एमबीचे असताना एवढे पेज लावले, तर कार्डाच्या हद्दीपलीकडचे पत्तेही प्रोग्रामला खुले होतील, आणि तिथे दुसऱ्या एखाद्या उपकरणाची रजिस्टरे असू शकतात. पेज हे संरक्षणाचेही एकक असल्यामुळे त्याच्या अर्ध्या भागाला परवानगी आणि अर्ध्याला मनाई, असे करता येत नाही.

पहिल्या २ एमबींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पेज टेबलमधील, म्हणजे आभासी पत्त्यांची भौतिक पत्त्यांशी सांगड घालणाऱ्या तक्त्यातील, प्रत्येक नोंद पत्त्याबरोबर मेमरीचा प्रकारही सांगते आणि तो प्रकार संपूर्ण पेजला लागू होतो. खाजनाच्या बांधातील मानस, म्हणजे पाण्याचे दार, उघडली की खारे पाणी आतल्या सगळ्या शेताला लागते, ते एका वाफ्यापुरते घेता येत नाही. तसेच हे आहे. आपल्या रजिस्टरांना कॅशविरहित प्रकार हवा, तर फ्रेमच्या भागाला राइट-कम्बाइनिंग हवे, कारण त्यात प्रोसेसर लागोपाठची लेखने ६४ बाइटांच्या बफरमध्ये एकत्र करून एकदम पाठवतो आणि पीसीआयवरील वाहतूक पुष्कळ कमी होते. हाच प्रकार रजिस्टरांना लागला, तर दोन आज्ञा एकमेकींत मिसळू शकतात किंवा त्यांचा क्रम बदलू शकतो. त्याहून वाईट म्हणजे या प्रकारात प्रोसेसरला अंदाजाने आगाऊ वाचन करण्याची मुभा असते, आणि वाचताच शून्य होणारे एखादे स्थितीदर्शक रजिस्टर असेल, तर ड्रायव्हरने पाहण्यापूर्वीच त्यातील सूचना पुसली जाईल. असा दोष महिनोन्‌महिने सापडत नाही, म्हणून या ठिकाणी वेगासाठी तडजोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट, सर्वच भाग कॅशविरहित ठेवला, तर फ्रेम लिहिण्याचा वेग हातचा जाईल.

तेव्हा पहिल्या २ एमबींत ४ केबीची ५१२ पेज ठेवावीत, त्यांतील २५६ कॅशविरहित आणि २५६ राइट-कम्बाइनिंग. पुढच्या २५४ एमबींना २ एमबीची १२७ पेज लावावीत. आज ६५,५३६ नोंदी भरल्या जातात, त्या जागी ६३९ पुरतील. एक नोंद ८ बाइटांची असल्याने पेज टेबलच्या खालच्या पातळीवर आज जे ५१२ केबी खर्ची पडतात, ते ४ केबीवर येतील.

लाभ नेमका कुठे होतो, हेही पाहिले पाहिजे, कारण ह्यूज पेज, म्हणजे मोठे पेज, म्हटले की सर्वांचे लक्ष टीएलबीकडे, म्हणजे पेज टेबलच्या अलीकडच्या नोंदी जवळ ठेवणाऱ्या प्रोसेसरमधील छोट्या साठ्याकडे, जाते. इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या प्रोसेसरात दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १,५३६ नोंदी मावतात. ४ केबीच्या पेजने त्यांतून ६ एमबीच झाकले जातात, तर २ एमबीच्या पेजने ३ जीबी. हा फरक खरा आहे आणि फ्रेममध्ये इकडेतिकडे उड्या मारत लिहिणाऱ्या प्रोग्रामला तो जाणवेल. पण ओळीने लिहिताना तो फारसा दिसत नाही, आणि पीसीआयवरून एक रजिस्टर वाचायला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागत असताना पेज टेबल चाळण्याचे काही नॅनोसेकंद वाचवून हाती काही लागत नाही. आपली तक्रार पहिल्या फेरीची आहे, आणि तिथला वेळ हजारो पेज फॉल्ट खातात. तेच कमी होणार आहेत.

प्रत्यक्ष करताना दोन्ही बाजूंचे पत्ते जुळणे आवश्यक आहे. बार क्षेत्राचा आकार दोनच्या घातात असतो आणि ते आपल्या आकाराच्या पटीतल्या पत्त्यावरच बसते, त्यामुळे भौतिक पत्त्याची काळजी मिटते. आभासी पत्ता मात्र ४ केबीच्याच पटीत मिळण्याची शक्यता असते. तो २ एमबीच्या पटीत नसेल, तर कर्नल मुकाट्याने छोटी पेज लावत राहतो आणि ड्रायव्हर लिहिणारा बुचकळ्यात पडतो. यासाठी ड्रायव्हरने स्वतःचे गेट-अनमॅप्ड-एरिया फंक्शन द्यावे, किंवा प्रोग्रामने २ एमबी जास्तीची जागा आधी राखून तिच्यातील योग्य पत्त्यावर मॅप-फिक्स्डने जोडणी करावी. रीमॅप-पीएफएन-रेंज हे नेहमीचे फंक्शन छोटीच पेज लावते. मोठ्यासाठी ह्यूज-फॉल्ट हे फंक्शन लिहावे लागते आणि त्यातून, जिथे २ एमबीचा संपूर्ण तुकडा जोडणीच्या हद्दीत बसत नाही किंवा प्रकार बदलतो, तिथे फॉलबॅकचे, म्हणजे छोट्या पेजवर परतण्याचे, उत्तर परत करावे, म्हणजे कर्नल आपल्या जुन्या फॉल्ट फंक्शनकडे वळतो. कर्नल ६.१२ किंवा त्यापुढचा घ्यावा. उपकरणाच्या मेमरीच्या अशा जोडणीला त्यात नीट आधार मिळाला आणि व्हर्च्युअल मशीनला कार्ड देणाऱ्या व्हीएफआयओ ड्रायव्हरनेही त्याच वेळी ही सोय घेतली. उपकरणाची मेमरी खुद्द कर्नलसाठी जोडणाऱ्या आयओरीमॅप या अंतर्गत फंक्शनची गोष्ट वेगळी आहे. एक्स-८६ वर २०१५ च्या ४.१ आवृत्तीपासून ते स्वतःच मोठे पेज निवडते आणि एमटीआरआरमध्ये (भौतिक पत्त्यांच्या टप्प्यांना मेमरीचा प्रकार ठरवून देणाऱ्या प्रोसेसरच्या रजिस्टरांत) त्या टप्प्यात दोन प्रकार आढळले, तर स्वतःच मागे हटते.

बदल लागू पडला की नाही, हे प्रोक खालील स्टेटस फाइलमधील व्हीएमपीटीई या, पेज टेबलांनी घेतलेली मेमरी सांगणाऱ्या, ओळीत दिसेल. संपूर्ण क्षेत्र एकदा लिहून झाल्यावर तो आकडा सुमारे ५०० केबीने उतरलेला असावा.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतील बोर्ड एआरएम-६४ चे असून त्यावरील कर्नल ६४ केबी पेजचा आहे. तिथेही २ एमबीच धरावे काय?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : नाही. एआरएम-६४ वर मोठ्या पेजचा आकार मूळ पेजवर ठरतो : ४ केबीला २ एमबी, १६ केबीला ३२ एमबी आणि ६४ केबीला थेट ५१२ एमबी. म्हणून ड्रायव्हरमध्ये २ एमबी हा आकडा न लिहिता मोठ्या पेजचा हा आकार सांगणारा कर्नलचा पीएमडी-साइझ हा स्थिरांक वापरावा. तुमच्या कर्नलवर एवढा मोठा तुकडा फार थोड्या उपकरणांना लागू पडेल. मात्र त्या रचनेत सलग ३२ नोंदींवर सलगतेची खूण करता येते आणि मग प्रोसेसर त्या २ एमबींसाठी टीएलबीत एकच नोंद ठेवू शकतो. एकदा लावलेल्या पेजचा आकार चालू स्थितीत बदलायचा असेल, तर जुनी नोंद आधी रद्द करून टीएलबी साफ करावी आणि त्यानंतरच नवी नोंद लिहावी, असा एआरएमचा दंडक आहे.