'न्गो', 'दिएम' आणि 'हो' : व्हिएतनामी माणसाला म्हणायचं काय?

प्रश्न असा आहे: व्हिएतनाम युद्धावरच्या एका मराठी लेखात दक्षिण व्हिएतनामच्या अध्यक्षांना आधी 'न्गो' आणि पुढच्याच परिच्छेदात 'दिएम' म्हटलंय. ही दोन माणसं की एकच? आणि 'दिएम' बरोबर असेल, तर हो चि मिन्ह यांना 'मिन्ह' न म्हणता 'हो' का म्हणतात?

माणूस एकच, न्गो दिन्ह दिएम. व्हिएतनामी नावात आडनाव आधी, मधे बहुधा एखादा शब्द आणि हाक मारायचं नाव शेवटी. आपल्या बातमीत दुसऱ्या उल्लेखापासून माणूस आडनावावर येतो. तिकडे शेवटच्या शब्दावर येतो, मग तो राष्ट्राध्यक्ष असो की शाळामास्तर. म्हणून 'अध्यक्ष दिएम', आणि उत्तर व्हिएतनामचे सेनापती व्हो नुयेन गियाप हे 'जनरल गियाप'.

आडनावं मुळात मोजकी. एकट्या 'नुयेन'मध्येच तिथली तीसचाळीस टक्के माणसं बसतात. १९६७ साली दक्षिणेत अध्यक्ष झाले नुयेन व्हान थिएउ आणि उपाध्यक्ष नुयेन काओ की. नातं काही नाही, उलट दोघांचं आपसात जमत नसे. तिथे 'नुयेन यांनी जाहीर केलं' असं छापून वाचकाला काय कळणार? 'न्गो'चं त्याहून अवघड, कारण तिथे अख्खं घराणंच सत्तेत. दिएम यांचे धाकटे भाऊ न्हू यांच्या हाती गुप्त पोलीस, थोरले भाऊ थुक आर्चबिशप, आणि ह्युए भागात कान या आणखी एका भावाचा शब्द चाले. नोव्हेंबर १९६३ च्या लष्करी उठावात दिएम आणि न्हू दोघेही मारले गेले. नुसत्या 'न्गो'वर भागवलं तर कोणी काय केलं याचा पत्ताच लागायचा नाही.

त्याच वर्षी ११ जूनला सायगॉनच्या भर चौकात थिक क्वांग दुक या भिक्खूंनी स्वतःला जाळून घेतलं. त्यांचा पुढचा उल्लेख 'थिक' असा केलेला मी वाचला आहे, आणि ही चूक तर पहिल्या चुकीच्या वरताण. 'थिक' म्हणजे शाक्य, बुद्धांचं कुळ! प्रव्रज्या घेतल्यावर घरचं आडनाव सुटतं आणि भिक्खू-भिक्खुणी हे लावतात. झेन गुरू थिक न्यात हान्ह यांच्या नावातलं 'थिक'ही हेच.

आता 'हो'. हे हो चि मिन्ह यांचं जन्माचं आडनाव नव्हेच. जन्मनाव नुयेन सिन्ह कुंग. १९१९ मध्ये व्हर्सायच्या परिषदेपुढे मागण्या मांडल्या त्या 'नुयेन आय क्वोक' या नावाने. 'हो चि मिन्ह' १९४० नंतरचं. भूमिगत क्रांतिकारकांचं असंच चाले. १९७३ चं नोबेल नाकारणारे ले दुक थो आणि त्यांचे दोन सख्खे भाऊ, तिघे मिळून तीन वेगवेगळी आडनावं लावत आणि मूळचं 'फान' कोणीच नाही. तरीही थो हे 'थो'च राहिले. फार पूज्य माणसाला मात्र नाव न घेता आडनावाने संबोधायची रीत आहे, त्यातून 'बाक हो' आलं. 'बाक' म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. धाकट्या काकाला वेगळा शब्द आहे, आणि इंग्रजी 'अंकल हो'मध्ये हा फरक वाहून जातो. मराठीत 'हो काका'पेक्षा मी 'थोरले काका'च पसंत करीन. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष तोन दुक थांग हेही 'बाक तोन'.

उच्चाराबद्दल विचारलेलं नाही, पण राहवत नाही. व्हिएतनामी लिपीत दोन 'डी' आहेत, एक साधा आणि एक आडवी रेघ मारलेला. रेघेचा तो आपल्या 'द'च्या जवळचा. बिनरेघेचा हनोईत 'झाड'मधला झ, सायगॉनकडे 'य'. इंग्रजी बातमीत रेघ गळते, त्यामुळे 'दिन्ह' ठीक, पण 'दिएम' खरं तर 'झिएम'. गियापही हनोईत 'झाप' (झ पुन्हा झाडातलाच). 'नुयेन'ची सुरुवात 'वाङ्मय'मधल्या ङ ने होते. तरी रुळलेली रूपं बदलायच्या फंदात मी पडणार नाही.

ताज्या बातम्यांसाठी एक सूचना. ऑगस्ट २०२४ पासून कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस आहेत ते 'तो लाम'. उच्चाराला हेच जवळचं, पण 'तो लाम म्हणाले' असं छापलं की मराठी वाचक 'तो' सर्वनाम समजून अडखळणार. तिथे 'टो लाम' लिहावं, आणि पुढे नुसतं 'लाम'.