पहाटे अडीचची झोप

प्रश्न : पाळकीणबाई, जय ख्रिस्त. मी पुण्याच्या पूर्व भागातल्या एका मंडळीचा पाळक आहे. वय 36, सेवेला नऊ वर्षं झाली. नाव छापू नये, ही विनंती.

आमच्या चर्चची घंटा वाजवणारे एक आजोबा होते. शेवटच्या दुखण्यात ते मला म्हणाले, "पाळकसाहेब, मी निघेन तेव्हा तेवढं जवळ बसा." मी शब्द दिला. एका शनिवारी रात्री डॉक्टरांनी सांगितलं, आता तासांचाच हिशेब. त्यांची मुलगी चार रात्री जागी होती. मी आहे ना, असं म्हणून तिला मी घरी पाठवलं. त्या दिवशी माझं सकाळी एक लग्न, दुपारी एक दफन आणि संध्याकाळी कॉटेज मीटिंग, म्हणजे एका घरी प्रार्थनासभा, झाली होती. खुर्ची ओढून मी आजोबांचा हात हातात घेतला, तेविसावं स्तोत्र म्हटलं. घड्याळात अडीच वाजलेले पाहिल्याचं आठवतं. त्यानंतर खांद्याला हात लागला तो सिस्टरचा. "फादर, बाबा गेले." चार वाजून दहा मिनिटं झाली होती. माझा हात माझ्याच मांडीवर होता.

इथवर सांगता येतं. पुढचं सांगवत नाही. दफनाच्या वेळी मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "पाळकसाहेबांनी रात्रभर माझ्या बाबांचा हात सोडला नाही." लोक माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. त्यांना तो माझा नम्रपणा वाटला.

त्याला तीन आठवडे झाले. आपल्या दुर्बलतेबद्दल ज्याला सहानुभूती वाटत नाही असा आपला प्रमुख याजक नाही, हे इब्रीकरांस पत्रातलं चौथ्या अध्यायातलं वचन मी कन्फर्मेशनच्या, म्हणजे आपली श्रद्धा जाहीर करण्याच्या विधीची तयारी करणाऱ्या, मुलांकडून दरवर्षी पाठ करून घेतो. मला स्वतःला मात्र ते लागू पडेनासं झालंय. मंडळीच्या दुर्बलतेचा ख्रिस्ताला कळवळा येत असेल, पण ज्याला जागं राहायलाच नेमलंय त्याचं काय? इथून जवळच केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या अनाथ मुलींना, विधवांना पोटाशी धरलं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी सगळं आयुष्य ओतलं. मला दीड-पावणेदोन तास डोळे उघडे ठेवता आले नाहीत.

उत्तर : पाळकसाहेब, मी आधी नर्स होते, पाळकीण, म्हणजे पाळकाची बायको, नंतर झाले. म्हणून आधी नर्सचं ऐका.

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी मोजता येणार नाहीत इतक्या रात्रपाळ्या केल्या. तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. अंगाचं तापमान उतरलेलं असतं, मग कितीही चहा ढोसा. त्यात जाणाऱ्या माणसाचा श्वास ऐकत बसायचं. आधी खोल, मग उथळ उथळ होत जातो, मग थांबतो. आपण मनात मोजतो, दहा, पंधरा, वीस, आणि पुन्हा एकदम सुरू होतो. हे तासभर ऐका, अंगाईसारखी गुंगी येते. शिवाय माणसं बरेचदा नेमकी कुणी बघत नसताना जातात. आठ दिवस उशाशी बसलेला मुलगा खाली चहाला गेला आणि वडील गेले, असं मी किती वेळा पाहिलं! जिन्यावर भेटून त्या मुलांना ते सांगायचं काम माझंच असायचं.

माझंही सांगते. विद्यार्थिनी होते तेव्हा एका रात्री औषधांच्या ट्रॉलीवर डोकं टेकून मी ढाराढूर झोपले. जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलं होतं आणि अंगाचं पाणी झालं. तक्ते बघायला धावले, तर माझ्या वाटचे सगळे टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, घेतलेले, नीट भरलेले, इन्चार्ज सिस्टरच्या अक्षरात. ती एवढंच म्हणाली, "तोंड धू, चहा निवतोय." बोलणी कधी बसणार म्हणून मी पुढचे दोन महिने तिची वाट चुकवत होते. बसलीच नाहीत. त्यानंतर मी ड्यूटीवर कधी झोपले नाही, असं लिहिणार होते. पण एकदा झोपले.

आता पाळकीण म्हणून. मार्कच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढा. गेथशेमाने बागेत येशूने तिघा शिष्यांना घेतलं आणि एकच मागितलं, जागे राहा. तुमच्या आजोबांनी मागितलं तेच. तिघं झोपले. तो आला, उठवलं, गेला, पुन्हा झोपले, आणि तिसऱ्यांदाही तेच. पेत्राला त्याने विचारलं, घटकाभरही जागवलं नाही का? लागलं त्याला. हे आपण विसरू नये, त्याला एकटं वाटलं. पण त्याच दमात तो म्हणतो, आत्मा उत्सुक आहे, देह अशक्त आहे. घामाघूम होऊन, स्वतः मरणाच्या दारात उभा असताना तो झोपलेल्यांची बाजू मांडतो! लूक तर झोपेचं कारणही देतो, दुःखाने झोपले म्हणून. लूक वैद्य होता असं आपण मानतो. नर्सला हे निदान पटतं. दुःखाने माणूस जागा राहतो तसा दुःखाने गळूनही जातो.

मार्कमधली आणखी एक ओळ तुमच्यासाठीच आहे. त्यांचे डोळे जड झाले होते, आणि त्याला काय उत्तर द्यावं हे त्यांना सुचेना. दफनभूमीत मान खाली घालून उभे होतात ना तुम्ही, तीच ओळ.

आणि मग शेवटी तो काय म्हणतो? "उठा, आपण जाऊ." या बाबतीत आपली मराठी फार भाग्यवान. "आम्ही" आणि "आपण" हे दोन शब्द आपल्याकडे वेगळे आहेत. मी कित्येक वर्षं ही ओळ वाचत होते, पण त्या "आपण"कडे लक्ष गेलं ते पाळकसाहेब, म्हणजे आमचे हे, गेल्यानंतर. त्या "आपण"मध्ये तिघंही झोपाळू धरलेले आहेत. त्याने दुसरे तीन जण बोलावले नाहीत. अजून डोळे चोळत असलेल्यांनाच बरोबर घेऊन तो निघाला, आणि थोड्या वेळात ते पळूनही गेले. तेही त्याला ठाऊक होतं.

आता तुमचं वचन. पहारेकऱ्याचं काय, असं विचारता तुम्ही. तुम्ही चौथ्या अध्यायाला थांबलात, पान उलटा. पाचव्याच्या दुसऱ्या ओवीत माणसांतून घेतलेल्या याजकाबद्दल लिहिलंय. तो अजाण आणि वाट चुकलेल्यांशी सौम्यपणे वागू शकतो, कारण तो स्वतः दुर्बलतेने वेढलेला असतो. म्हणजे दुर्बलता ही तुमच्या नेमणुकीतली चूक नाही, ती नेमणुकीच्या कागदावरच लिहिलेली आहे. मुलांकडून चौथा अध्याय पाठ करून घेता, पुढच्या वर्षी ही ओवीही घ्या.

"कळवळा" म्हणालात म्हणून सांगते. लोकसमुदायाला पाहून येशूला कळवळा आला असं जिथे येतं, तिथला ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. परदेशी टीकाकारांना हे समजावायला पानं खर्ची घालावी लागतात. आपल्याकडे कुठल्याही आजीला विचारा, आतडं तुटणं म्हणजे काय ते. मार्कच्या सहाव्या अध्यायात तो कळवळा यायच्या आधी काय घडतं तेही बघा. शिष्य सेवा करून परत आलेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांची एवढी गर्दी की जेवायला सवड नाही, आणि तो त्यांना म्हणतो, एकांती चला, थोडा विसावा घ्या. लग्न, दफन आणि कॉटेज मीटिंग एका दिवसात घेणाऱ्या पाळकाला हे वाक्य ऐकू येत नसेल तर दोष वाक्याचा नाही. आणि तुमच्या पंच कमिटीलाही ते एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

रमाबाई आणि टिळक यांची नावं घेऊन स्वतःला झोडपू नका. रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्मा घेतल्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढ्या नावाजलेल्या बाईने हे जगाला सांगितलं. टिळक किती लवकर भडकायचे हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लपवलं नाही, आणि ते वाचून टिळकांवरचं प्रेम कुणाचं कमी झालेलं मी पाहिलं नाही. 1919 मध्ये ते गेले तेव्हा ख्रिस्तायन हे त्यांचं ख्रिस्तावरचं महाकाव्य अर्धवटच होतं. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं.

झोपेचं झालं. तिची क्षमा मागायची गरज मला दिसत नाही. पण त्या गप्प बसण्याचं वेगळं आहे, आणि तुम्हाला पोखरतंय तेही तेच. नाहीतर पत्र दफनाआधीच आलं असतं. दुर्बलतेच्या पदराखाली ते लपवू नका. मुलीकडे जा. रविवारी चर्चच्या पायरीवर नको, फोनवर तर मुळीच नको. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी तिच्या घरी जा, बायकोला घेऊन गेलात तरी चालेल. सांगा, "ताई, मला अडीचला झोप लागली. तुझे बाबा गेले तेव्हा मी झोपलो होतो. तू बोललीस तेव्हाच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही." एवढंच. पुढे वचनं जोडू नका, रडू आलं तर येऊ द्या. ती चिडली तर तो तिचा हक्क आहे. कदाचित ती म्हणेल, मीही चौथ्या रात्री झोपलेच होते. काय म्हणेल ते माहीत नसतानाच जायचंय तुम्हाला.

आमच्या ह्यांनी एकदा एकाच आठवड्यातल्या तिसऱ्या दफनात भलतंच नाव घेतलं. आदल्या दिवशीच्या बाईंचं. कबरीवर माती टाकायचे लोक जागच्या जागी थांबले. घरी आले ते सरळ खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. राजीनामा लिहितो म्हणाले. मी पिठलं टाकलं आणि दोन भाकऱ्या थापल्या. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नव्हता; निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी ठेवलं, म्हणाला ऊठ, खा. तो खाऊन पुन्हा झोपला, तेही चाललं. दुसऱ्या खेपेलाही तेच, ऊठ, खा. हे मी तेव्हा ह्यांना ऐकवलं नाही, ताट सरकवलं फक्त. जेवले. मग चपला घातल्या आणि त्या माणसाच्या घरी गेले. रात्री साडेदहाला परतले ते हातात त्यांनी दिलेली पेरूंची पिशवी घेऊन.

जाऊन आलात की चार ओळी टाका. छापणार नाही.

प्रश्न : "चेपलेला बोरू तो मोडणार नाही" यातला बोरू म्हणजे लिहिण्याचा का? (घोरपडीहून एक वाचक)

उत्तर : यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात आणि मत्तयाच्या बाराव्यात येतो तो पाणथळ जागेत उगवणारा, गवताच्या जातीचा. त्याच्याच कांड्या तासून पूर्वी लेखणी करत, म्हणून मराठीत दोन्ही बोरूच. माझे आजोबा शाळामास्तर होते. बोरू चेपला की त्यातून शाई नीट उतरत नाही, अक्षर फाटतं. आजोबा तो खिडकीतून बाहेर टाकत आणि नवा तासायला घेत. इतकी स्वस्त वस्तू कोण जपून ठेवणार? खिडकीखाली असल्या बोरूंचा ढीग साचायचा आणि आम्ही मुलं ते वेचून घर-घर खेळताना कुंपण घालायचो.